एक घर, तीन इयत्ता : वेगवेगळ्या वयांच्या मुलांचे घरच्या घरी शिक्षण

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचे, हा विचार मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील काही कुटुंबांत गेल्या दोन दशकांत रुजला आहे. इंग्रजीत ‘होमस्कूलिंग’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत मराठी घरांत ‘गृहशिक्षण’ किंवा ‘गृहशाळा’ या नावांनीही ओळखली जाते. एकुलत्या एका मुलाला शिकविणे त्यातल्या त्यात सोपे. चार, सात आणि अकरा वर्षांची भावंडे एकाच घरात, एकाच पालकाकडून शिकू लागली की मात्र या प्रयोगाची खरी परीक्षा सुरू होते. अशा घरातील दिवसाची आखणी, कायद्याची भूमिका, प्रमाणपत्रांचे मार्ग आणि या वाटेवरील धोके यांचा हा आढावा.

परंपरा जुनी, प्रश्न नवा

घरी शिकणे महाराष्ट्राला अपरिचित नाही. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे संस्कृत शिक्षण त्यांच्या आईकडून झाले. आईला ते त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी शिकविले होते. रमाबाई रानडे आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या शिक्षणाचा आरंभही विवाहानंतर घरातच झाला. मात्र त्या काळी मुलींसाठी शाळेची वाट जवळजवळ बंद होती. आजचे गृहशिक्षण ही शाळा उपलब्ध असताना केलेली निवड आहे, हा मोठा फरक होय.

या आधुनिक चळवळीला अमेरिकन शिक्षक आणि लेखक जॉन होल्ट यांच्या लेखनाने बळ दिले. त्यांनी १९७७ मध्ये शाळेविना शिक्षणाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले आणि १९८१ मध्ये ‘टीच युवर ओन’ हे पुस्तक लिहिले. अमेरिकेच्या सर्व राज्यांत आज गृहशिक्षण कायदेशीर आहे, मात्र नोंदणी आणि तपासणीचे नियम राज्यागणिक बदलतात. जर्मनीत याउलट शाळेत जाणे बंधनकारक असून घरी शिकविण्याची मुभा जवळजवळ नाही. नोकरीनिमित्त परदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी हा फरक ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि शहरातील जवळजवळ प्रत्येक घराचा काही काळ वर्ग झाला. पण ते गृहशिक्षण नव्हते. अभ्यासक्रम, वेळापत्रक आणि मूल्यमापन शाळेचेच होते, बदलली होती ती फक्त जागा. गृहशिक्षणात काय, केव्हा आणि कसे शिकायचे याची सारी जबाबदारी कुटुंबावर येते.

कायदा काय म्हणतो?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला तो लागू होतो. आपल्या पाल्याला नजीकच्या शाळेत दाखल करणे किंवा करविणे हे पालकांचे कर्तव्य असल्याचे या कायद्याचे कलम १० सांगते. मात्र हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकांसाठी कायद्यात शिक्षेची तरतूद नाही. गृहशिक्षणाला स्पष्ट मान्यता देणारे कलमही त्यात नाही.

या संदिग्धतेचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. स्वेच्छेने घरी शिकविणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही, अशी भूमिका केंद्र सरकारने २०१२ मध्ये तेथे मांडली. पुढे मात्र ती बदलली. परिणामी गृहशिक्षण घेणारे कुटुंब आजही एका धूसर प्रदेशात वावरते. त्याच्यावर कारवाई होत नाही आणि त्याला संरक्षणही नाही.

एका गटाच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या बालकांना घरी राहून शिक्षण घेण्याचा हक्क देण्यात आला आहे.

परतीच्या वाटेची तरतूदही याच कायद्यात आहे. सहा वर्षांवरील जे बालक कोणत्याही शाळेत दाखल झालेले नाही, त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा आणि बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळावे, असे कलम ४ म्हणते. घरचा प्रयोग आठवीपूर्वी थांबवावा लागला, तर पालकांना याच कलमाचा आधार घेता येतो.

इयत्ता घराला नसते, विषयाला असते

वेगवेगळ्या वयांच्या मुलांना एकत्र शिकविण्याचा अनुभव खुद्द आपल्या शिक्षणव्यवस्थेपाशी आहे. पहिली ते चौथीचे वर्ग एक किंवा दोन शिक्षक सांभाळतात, अशा जिल्हा परिषदेच्या शाळा महाराष्ट्रातील वाड्यावस्त्यांवर आजही चालतात. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शिक्षण केंद्राने तर बहुवर्ग शाळांसाठी कार्डांवर आधारलेले साहित्य तयार केले. त्यात प्रत्येक मूल पायरीपायरीने, आपापल्या गतीने पुढे जाते. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहातही तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र असत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी केलेले काम हा याच विचाराचा मराठी मातीतील विस्तार होय.

या साऱ्या अनुभवांतून गृहशाळेला उपयोगी पडणारे एक सूत्र निघते. काही विषय शिडीसारखे असतात, तर काही अंगणासारखे. गणित आणि वाचन-लेखन या शिड्या आहेत. स्थानिक किंमत समजल्यावाचून हातच्याची बेरीज कळत नाही, पाढे आणि भागाकार पक्के झाल्यावाचून अपूर्णांक पेलत नाहीत. मुळाक्षरे, बाराखडी आणि मग जोडाक्षरे असाच वाचनाचाही क्रम लागतो. हे विषय प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे, त्याच्या पायरीवरूनच शिकवावे लागतात. परिसर, विज्ञान, इतिहास, गोष्टी, संगीत, चित्रकला हे मात्र अंगण आहे. तेथे सर्व भावंडे एकत्र उतरू शकतात, खेळ ज्याच्या त्याच्या वयाचा.

पावसाचेच उदाहरण घ्यावे. सपाट तळाचे, सरळ कडांचे भांडे गच्चीत ठेवले की साधे पर्जन्यमापक तयार होते. चार वर्षांचे मूल साचलेले पाणी वाटीने मोजते आणि ‘कमी-जास्त’ हे शब्द शिकते. सात वर्षांचे मूल पट्टीने मिलिमीटर मोजून तारखेसह वहीत लिहिते. अकरा वर्षांचे मूल त्या नोंदींवरून आठवड्याची सरासरी काढते, स्तंभालेख रेखाटते आणि कोकणात अधिक व सह्याद्रीच्या पूर्वेला कमी पाऊस का पडतो, याचे कारण नकाशावर शोधते. विषय एक, भांडे एक आणि धडे तीन. मंडईतील खरेदी, रेल्वेचे वेळापत्रक, स्वयंपाकातील मापे, घरातील विजेचे बिल यांतूनही असेच तीन स्तर उलगडता येतात.

दिवसाची आखणी

शाळेचे सहा तास घरात जसेच्या तसे उतरविण्याचा प्रयत्न सहसा फसतो. शाळेतील बराच वेळ हजेरी, रांगा, वह्या तपासणे आणि मोठ्या वर्गाची शिस्त यांत जातो. घरात त्याची गरज नसते. लहानग्याला एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटे, सात-आठ वर्षांच्या मुलाला अर्धा तास आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलाला पाऊण तास एकाग्र अभ्यास पुरेसा ठरतो. अशा दोन-तीन बैठकी दिवसभरात बसविता येतात.

क्रम महत्त्वाचा. सर्वांत धाकट्याला सकाळी सर्वप्रथम वेळ द्यावा. लक्ष मिळून तृप्त झालेले मूल नंतर माती, ठोकळे किंवा रंगांत रमते आणि मोठ्यांच्या गणिताला निवांतपणा लाभतो. मधल्याला शिकविताना थोरल्याने स्वाध्याय करावा, थोरल्याकडे वळताना मधल्याने वाचन करावे. एकत्रित विषय दुपारी किंवा संध्याकाळी घ्यावेत आणि दिवसाची अखेर मोठ्याने वाचलेल्या गोष्टीने व्हावी. चार वर्षांच्या मुलाला प्रत्येक शब्द कळला नाही तरी भाषेचा कान तयार होतो.

साहित्यासाठी फार खर्च करावा लागत नाही. १९६७ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या बालभारतीची पाठ्यपुस्तके स्वस्त आहेत आणि संकेतस्थळावरून ती विनामूल्य उतरवूनही घेता येतात. बालभारतीचेच ‘किशोर’ हे मासिक १९७१ पासून निघत आहे. खरा खर्च वेगळाच असतो. दोघा पालकांपैकी एकाला, बहुतेक वेळा आईला, नोकरी सोडावी किंवा कमी करावी लागते. हा निर्णय ‘मुलांसाठी’ म्हणून गृहीत धरला जाऊ नये. त्याचा हिशेब दोघांनी मिळून मांडणे न्यायाचे ठरेल.

भावंडांमधील तोल

थोरल्याने धाकट्याला शिकविणे हा गृहशाळेचा मोठा लाभ मानला जातो. शिकविताना स्वतःचीच उजळणी होते, हे खरे. मात्र ताईचे किंवा दादाचे रूपांतर बिनपगारी शिक्षकात होऊ लागले, तर तिचे किंवा त्याचे स्वतःचे शिक्षण मागे पडते. ही मदत दिवसाला थोडा वेळ आणि राजीखुशीने असावी.

दुसरा धोका तुलनेचा. धाकटा वाचनात थोरल्याला गाठू लागला की घरातील वातावरण बिघडते. शाळेत दोघे वेगवेगळ्या वर्गांत असतात, घरात मात्र टेबल एकच असते. शिडीचे विषय स्वतंत्र ठेवण्याचे हे आणखी एक कारण. तिसरा धोका मधल्याचा. धाकट्याला वेळ हवा असतो, थोरल्याला परीक्षा जवळ आलेली असते. शांत स्वभावाचे मधले मूल मात्र नकळत दुर्लक्षित राहते. आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाची वही स्वतंत्रपणे पाहण्याची सवय यावर उपयोगी पडते.

प्रमाणपत्राचे मार्ग

घरी कितीही उत्तम शिक्षण झाले, तरी महाविद्यालयाच्या दारात प्रमाणपत्र लागतेच. त्यासाठी पुढील मार्ग उपलब्ध आहेत.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था : १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेला २००२ मध्ये सध्याचे नाव मिळाले. तिच्या अ, ब आणि क या पातळ्या अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. दहावीसाठी किमान वय १४ वर्षे असून मराठी माध्यमही उपलब्ध आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि नोंदणी पाच वर्षे टिकत असल्याने विषय टप्प्याटप्प्याने सोडविता येतात.

राज्य मुक्त विद्यालय मंडळ : महाराष्ट्राच्या स्वतःच्या मुक्त मंडळामार्फत पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी या स्तरांच्या परीक्षा देता येतात.

१७ नंबरचा अर्ज : राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसण्याचा हा जुना मार्ग. त्याच्या अटी, विशेषतः पूर्वीच्या शाळेच्या दाखल्याविषयीच्या, आधीच तपासाव्यात.

आंतरराष्ट्रीय मंडळे : केंब्रिजसारख्या मंडळांच्या परीक्षा खासगीरीत्या देता येतात, शुल्क मात्र बरेच असते.

मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या पात्रतेवरून वैद्यकीय प्रवेशाच्या बाबतीत पूर्वी न्यायालयीन वाद झाले आहेत. त्यामुळे मूल बारा-तेरा वर्षांचे होताच इच्छित अभ्यासक्रमाची त्या वर्षीची माहितीपत्रिका वाचणे शहाणपणाचे.

२०१६ मध्ये मुंबईतील एका सतरा वर्षांच्या मुलीला दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राविना अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्रवेश मिळाला. संगणक-ऑलिम्पियाडमधील पदके तिच्या पाठीशी होती. ही घटना प्रेरणादायी असली, तरी तिला नियम मानणे धोक्याचे आहे. प्रमाणपत्राअभावी आयआयटीचे दार मात्र तिला बंद होते, हेही तितकेच खरे.

घरी शिकणारे की घरी ठेवलेले?

गृहशिक्षणावरील सर्वांत गंभीर आक्षेप परीक्षांशी संबंधित नाही. शाळेत दाखल करण्याचे कर्तव्य कायद्याने पालकांवर टाकले, त्यामागे धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी ठेवलेली मुलगी होती, ऊसतोडीला आईवडिलांबरोबर जाणारा मुलगा होता. शाळा ही अशा मुलांसाठी केवळ अक्षरओळखीची जागा नसते. तेथे पोषण आहार मिळतो आणि मूल गैरहजर राहिले, दुखावलेले दिसले, तर ते घराबाहेरच्या कोणाच्या तरी लक्षात येते. शहरी सुशिक्षित पालकांसाठी मागितलेली सरसकट सूट उद्या याच मुलांच्या विरोधात वापरली जाऊ शकते, ही भीती अनाठायी नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वर्गाच्या वेगात गुदमरणारे किंवा चिडविण्याने कोमेजणारे मूल घरी फुलू शकते. म्हणूनच काही देशांप्रमाणे नोंदणी आणि ठरावीक काळाने तपासणी हा मधला मार्ग विचारार्ह ठरतो. आपल्याकडे तो नाही, तोवर ही शिस्त कुटुंबाने स्वतःवर घालून घ्यावी. प्रत्येक मुलाच्या कामाचे तारखेसह नमुने जपावेत, वाचलेल्या पुस्तकांची यादी ठेवावी, वर्षातून एकदा घराबाहेरच्या जाणत्या शिक्षकाकडून प्रगती तपासून घ्यावी. मैदान, वाचनालय, गाण्याचा किंवा नाटकाचा वर्ग यांद्वारे मुलांना घराबाहेरची माणसे नियमित भेटावीत.

आणि दर वर्षी, प्रत्येक मुलापुरता, हा निर्णय नव्याने घ्यावा. थोरल्याला मानवलेली गृहशाळा धाकट्याला मानवेलच असे नाही. एक मूल शाळेत आणि दुसरे घरी, अशी व्यवस्था अनेकांना विसंगत वाटते. पण तिन्ही मुलांची गरज एकच आहे, असे मानून चालणे ही त्याहून मोठी विसंगती ठरेल. शाळा सोडण्याइतकाच शाळेत परतण्याचा मार्गही मुलासाठी खुला असावा.