मतपेटीतून उभी राहिलेली दोन शहरं

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नोकरी मिळालेली तरुण मंडळी मला हमखास एक प्रश्न विचारतात : राहायला सिअ‍ॅटल बरं की पोर्टलंड? दोन्ही शहरांत माझी काही वर्षं गेली आहेत, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. विचारणाऱ्याला घरभाडं, पगार, पाऊस यांचे आकडे हवे असतात. मी मात्र आधी थोडा इतिहास सांगतो. ही दोन शहरं एकमेकांपासून जेमतेम २८० किलोमीटरवर. हिवाळाभर रिमझिमणारा पाऊस तोच, उंच सूचिपर्णी झाडं तीच, आणि आभाळ मोकळं झालं की क्षितिजावर बर्फाच्छादित ज्वालामुखी दोघांनाही दिसतो. एकाला माउंट रेनिअर, दुसऱ्याला माउंट हूड. निसर्गानं दोघांच्या पानात जवळपास सारखंच वाढलं. तरीही तिथलं राहणं वेगळं आहे, आणि तो फरक बराचसा माणसांनी केलेला आहे.

यातली थोरली बहीण पोर्टलंड. १८४५ मध्ये दोन जमीनमालकांनी गावाचं नाव ठरवण्यासाठी नाणेफेक केली. एकाला बोस्टन हवं होतं, दुसऱ्याला मेन राज्यातल्या आपल्या पोर्टलंडचं नाव. दुसरा जिंकला. गाव आखताना चौक फार छोटे ठेवले. प्रत्येक बाजू २०० फुटांची. सिअ‍ॅटलची वसाहत १८५१ ची. ड्युवामिश आणि सुक्वामिश लोकांच्या प्रमुखाचं नाव तिनं घेतलं आणि जमीनही त्याच लोकांची घेतली. १८५३ मध्ये तिथल्या जमीनमालकांचं रस्त्यांच्या दिशेवरून जमलं नाही. काहींनी किनाऱ्याला समांतर रस्ते आखले, तर एकानं होकायंत्राप्रमाणे सरळ उत्तर-दक्षिण. ते जिथे भेटतात तिथे आजही रस्ते तिरके होतात.

पन्नासेक वर्षं पोर्टलंड पुढे होतं. १९०० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९०,४२६, तर सिअ‍ॅटलची ८०,६७१. पण चक्र फिरायला आधीच सुरुवात झाली होती. १७ जुलै १८९७ रोजी क्लोंडाइकचं सोनं घेऊन एक जहाज सिअ‍ॅटलच्या धक्क्याला लागलं. गंमत म्हणजे त्या जहाजाचं नाव होतं 'पोर्टलंड'! सोन्याच्या मागे हजारो माणसं उत्तरेकडे धावली. कॅनडाचे पोलीस वर्षभराची शिधासामग्री सोबत असल्याशिवाय सीमेवरून पुढे सोडत नसत. ती सामग्री विकून सिअ‍ॅटलचे व्यापारी गब्बर झाले. १९१० मध्ये सिअ‍ॅटल २,३७,१९४ वर पोहोचलं आणि पोर्टलंड २,०७,२१४ वर राहिलं. पुढे १९१६ मध्ये बोईंग कंपनी निघाली आणि सिअ‍ॅटलला मोठ्या उड्यांची सवयच लागली.

मोठ्या उडीला मोठी आपटही असते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बोईंगची तिथली नोकरवस्ती लाखाच्या घरात होती. १९७१ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं स्वनातीत प्रवासी विमानाचा पैसा बंद केला, आणि त्या वसंतात ही संख्या ४० हजारांच्या खाली आली. शहर सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसानं दिवे मालवून जावं, असा फलकच दोघा घरदलालांनी विमानतळाजवळ लावला होता.

पण माझ्या मते त्या शहराचं रोजचं जगणं ठरवलं ते दुसऱ्या एका घटनेनं. फेब्रुवारी १९६८ मध्ये सिअ‍ॅटल परिसराच्या मतदारांपुढे कर्जरोख्यांचे अनेक प्रस्ताव आले. क्रीडागार मंजूर झालं, उद्यानंही मंजूर झाली. शहरी रेल्वेलाही निम्म्याहून किंचित अधिक मतं पडली. पण गरज होती ६० टक्क्यांची. १९७० मध्ये पुन्हा मत घेतलं, तेव्हा मंदीची चाहूल लागली होती आणि निम्मीही मतं मिळाली नाहीत. केंद्र सरकार खर्चाचा मोठा वाटा उचलणार होतं. तो पैसा अटलांटाच्या मेट्रोकडे वळला. मंजूर झालेलं ते क्रीडागार १९७६ मध्ये उघडलं आणि २००० मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आलं. रेल्वे मात्र २००९ मध्ये धावू लागली. त्याच मतदारांना सरसकट दूरदृष्टी नव्हती असंही नाही. १९७१ च्या ऐन मंदीत त्यांनी पाडायला काढलेला पाइक प्लेस हा जुना बाजार मतदानानं वाचवला.

त्याच काळात पोर्टलंडनं उलटी वाट धरली. १९७३ मध्ये ऑरेगॉन राज्यानं जमीनवापराचा कायदा केला. त्यामागे हेक्टर मॅकफर्सन हे दुग्धव्यवसाय करणारे शेतकरी आमदार होते आणि गव्हर्नर टॉम मॅकॉल होते. सुपीक विलामेट खोऱ्यातली शेतं बंगल्यांखाली जाऊ नयेत, हा हेतू. त्यातूनच १९७९ मध्ये पोर्टलंडभोवती वाढीची सीमारेषा आखली गेली : आत शहर, बाहेर शेती. १९७४ मध्ये नदीकाठचा जलदगती रस्ता बंद केला, पुढे तिथे उद्यान झालं. त्याच वर्षी हजाराहून अधिक घरं पाडून जाणारा माउंट हूड महामार्ग रद्द केला. त्याच्या पैशातला मोठा भाग वाहतुकीच्या इतर कामांकडे वळवला गेला, आणि १९८६ मध्ये शहरातली हलकी रेल्वे सुरू झाली.

याचा अर्थ प्रत्यक्ष राहताना कळतो. पोर्टलंडमध्ये माझी सारी कामं पायी आणि गाडीविना होत. चौक छोटे, त्यामुळे दर मिनिटाला नवा कोपरा, नवं दुकान. सिअ‍ॅटलला पाणी आणि टेकड्या यांचं सौंदर्य अधिक. पण संध्याकाळी पुलावर मोटारींच्या रांगेत बसून ते पुष्कळ वेळ न्याहाळावं लागे!

इथवर ऐकून कोणी पोर्टलंडला जायचं ठरवील. त्यानं थोडं थांबावं. राहायला चांगलं, पण कोणाला? १८५७ मध्ये ऑरेगॉनच्या मतदारांनी कृष्णवर्णीयांना राज्यात वस्ती करायला मनाई करणारं कलम संविधानात घातलं. ते काढायला १९२६ उजाडलं. दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कामगारांसाठी कोलंबिया नदीकाठी व्हॅनपोर्ट ही वसाहत उभारली. ३० मे १९४८ रोजी बांध फुटून ती एका दिवसात नाहीशी झाली. हजारो माणसं बेघर झाली. त्यांत सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होती. त्यांतली बरीच आल्बिना भागात वसली, आणि पुढे महामार्ग, क्रीडागृह, रुग्णालय यांसाठी तिथलीही घरं पाडली गेली. सिअ‍ॅटलही धुतल्या तांदळासारखं नव्हे. घर विकताना-भाड्यानं देताना वर्णभेद नको, हा प्रस्ताव तिथल्या मतदारांनी १९६४ मध्ये मोठ्या फरकानं फेटाळला. १९६८ मध्ये नगर परिषदेनं तो कायदा केला.

आपल्या लोकांनाही या प्रदेशानं दोन्ही रूपं दाखवली. १९०७ मध्ये सिअ‍ॅटलच्या उत्तरेकडील बेलिंगहॅममध्ये जमावानं लाकूड गिरण्यांतल्या हिंदी कामगारांना गावातून हुसकावलं. पण वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच दोन राज्यांत शेतीशास्त्र शिकले, पोर्टलंडच्या परिसरातल्या हिंदी मजुरांत मिसळले, आणि १९१३ मध्ये आकाराला आलेल्या गदर चळवळीच्या पायाभरणीत त्यांचा हात होता. आज संगणक क्षेत्रातली मराठी मुलं तिथे सुखानं नांदतात, त्यांना हे क्वचितच ठाऊक असतं.

१९७९ मध्ये मायक्रोसॉफ्ट सिअ‍ॅटलच्या उपनगरात आली, १९९४ मध्ये अ‍ॅमेझॉन निघाली, आणि शहराची पुन्हा मोठी उडी झाली. २०२० च्या जनगणनेत सिअ‍ॅटल ७,३७,०१५ वर होतं, पोर्टलंड ६,५२,५०३ वर. नोकऱ्या वाढल्या तशा घरांच्या किमतीही, आणि हे दोन्हीकडे झालं. सीमारेषेनं शेती वाचली, पण आत पुरेशी घरं बांधली नाहीत तर गरीब माणूस त्या रेषेच्या आत राहणार कसा? हे उमगून २०१९ मध्ये ऑरेगॉननं मोठ्या शहरांत 'एका भूखंडावर एकच घर' हा नियम मोडीत काढला. दोन्ही शहरांच्या रस्त्यांवर तंबूंत राहणारी माणसं पाहिली की हा निर्णय उशिराच आला असं वाटतं.

म्हणून त्या तरुणांना मी सांगतो : मोठ्या संधी हव्या असतील तर सिअ‍ॅटल, गाडीविना निवांत दिवस हवे असतील तर पोर्टलंड. पण जिथे जाल तिथल्या निवडणुकीच्या वेळी घरबांधणीवर आणि वाहतुकीवर काय प्रस्ताव आहेत ते जरूर वाचा. मताचा अधिकार मिळाला तर तो बजावा. १९६८ साली थोडी मतं कमी पडली, त्याची भरपाई सिअ‍ॅटलकर चार दशकं रस्त्यावर उभे राहून करत होते.