भिण्याचा अधिकार : साउथॉल, ब्रॅडफर्ड आणि स्थलांतरितांचे पौरुष

4 जून 1976 रोजी पश्चिम लंडनमधील साउथॉल येथे गुरदीप सिंग चग्गर या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने भोसकून खून केला. ही घटना डोमिनियन चित्रपटगृहासमोर घडली. दोनच दिवसांनी त्याच वास्तूत समाजातील ज्येष्ठांची सभा भरली. ठराव आणि निवेदने यांपलीकडे ती जात नाही असे दिसताच तरुण उठून बाहेर पडले आणि पोलीस ठाण्यावर चालून गेले. साउथॉल यूथ मूव्हमेंट ही संघटना या क्षोभातून जन्मली.

हा प्रसंग बहुधा पिढ्यांच्या संघर्षाची कथा म्हणून सांगितला जातो : बाप सोशिक, मुलगे लढाऊ. या कथनाचीच चिकित्सा व्हायला हवी, कारण वस्तुस्थिती तिला दुजोरा देत नाही. याच साउथॉलमध्ये वुल्फ रबर कारखान्यातील पंजाबी कामगारांनी 1965 साली दीर्घ संप केला होता. 1974 साली लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर्समध्ये आशियाई कामगारांनी, गोऱ्या कामगार-पुढाऱ्यांचा पाठिंबा नसताना, लढा दिला. चग्गरच्या खुनानंतर अवघ्या अडीच महिन्यांत उत्तर लंडनच्या ग्रनविक प्रयोगशाळेत संप सुरू झाला. त्याच्या अग्रभागी जयाबेन देसाई आणि साड्या नेसलेल्या गुजराती स्त्रिया होत्या. मग ‘सोशिक बाप’ ही प्रतिमा आली कोठून?

तिचे मूळ वसाहतकालीन मोजपट्टीत आहे. मृणालिनी सिन्हा यांनी 1995 सालच्या आपल्या ग्रंथात मर्दानी इंग्रज आणि बायकी बंगाली बाबू या द्वंद्वाचा राजकीय उपयोग उलगडून दाखवला आहे. आशिष नंदी यांनी 1983 सालीच त्याची मानसिक किंमत मांडली होती : जेता आणि जित हे दोघेही एकाच पौरुषकल्पनेने बांधले जातात. शिखांना या व्यवस्थेत ‘लढाऊ जमात’ हे मानाचे पान होते. मराठी वाचकाला हे प्रकरण परके नाही. महारांची लष्करभरती बंद झाल्यावर शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने 1910 साली जो अर्ज विलायतेस गेला, त्यालाही माणुसकीचा हक्क शौर्याच्या दाखल्यावर मागावा लागला. लंडनच्या रस्त्यावर मात्र हे पान हिरावले गेले. तेथे शीख, गुजराती आणि सिल्हेटी हे सगळे ‘पाकी’च. 1970च्या सुमारास ‘पाकी-बॅशिंग’ नावाने जो क्रूर खेळ रूढ झाला, त्याचे एक गृहीतक असे होते की ही माणसे उलटून मारत नाहीत.

तरुणांनी हे गृहीतक खोटे पाडले, आणि ते पाडणे अपरिहार्य होते. 23 एप्रिल 1979 रोजी नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्धच्या निदर्शनांत शिक्षक ब्लेअर पीच पोलिसांच्या हातून मारले गेले. 3 जुलै 1981 रोजी हॅम्बरो टॅव्हर्न या मद्यगृहात स्किनहेड तरुणांचा जमाव आला, तेव्हा साउथॉलच्या मुलांनी ते जाळले. तथापि, हे गृहीतक खोटे पाडताना मोजपट्टी शत्रूचीच राहिली. ‘आम्ही बायकी नाही’ या उत्तरात ‘बायकी’ हा शब्द शिवी म्हणून जसाच्या तसा उरला.

ब्रॅडफर्डच्या बारा तरुणांचा खटला येथे विशेष उद्बोधक ठरतो. जुलै 1981 मध्ये फॅसिस्टांचा हल्ला येणार या वार्तेने त्यांनी दुधाच्या बाटल्यांत पेट्रोल भरून ठेवले होते. बाटल्या वापरल्या गेल्या नाहीत, परंतु कटाचा आरोप झाला. आपण हे स्वसंरक्षणासाठी केले असे त्यांनी न्यायालयात उघडपणे सांगितले आणि 16 जून 1982 रोजी ज्यूरीने सर्वांना निर्दोष ठरवले. स्वसंरक्षणाचा कायदेशीर पाया शौर्य हा नसून भय हा आहे. आपल्याला हल्ल्याचे खरेखुरे भय होते, हे पटवल्याशिवाय तो बचाव टिकत नाही. रस्त्यावर जे बोलणे नामर्दपणाचे ठरले असते, ते लीड्सच्या न्यायालयात हक्काचे विधान झाले. चळवळीच्या स्मृतीत मुठी राहिल्या. ही कबुली मात्र फारशी राहिली नाही.

भिण्याचा हा अधिकार स्त्रियांच्या वाट्याला आला नाही. 1979 साली स्थापन झालेल्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने वंशद्वेषाविरुद्धच्या आघाडीत राहून घरातील मारहाणीचा प्रश्न काढला, तेव्हा ‘घरे मोडणाऱ्या बायका’ असा शिक्का तिच्यावर बसला. वस्तीचे रक्षण करणारा भाऊ बहिणीच्या येण्याजाण्यावरही पहारा ठेवी. दोन्ही कामांना ‘इज्जत’ हा एकच शब्द पुरे. किरणजीत अहलुवालिया यांनी दहा वर्षे छळ सोसून 1989 साली पतीला जाळले. त्यांना खुनाबद्दल जन्मठेप झाली. 1992 साली त्या सुटल्या, पण त्यांच्या भयाला बचावाचा दर्जा मिळाला म्हणून नव्हे, तर त्यांची मानसिक जबाबदारी क्षीण झाली होती असे मानले गेले म्हणून. पुरुषांचे भय विवेकी ठरले, स्त्रीचे भय रुग्णावस्था.

हनीफ कुरेशींच्या पटकथेवरील ‘माय ब्युटिफुल लॉन्ड्रेट’ (1985) या चित्रपटात ओमर आपल्या जुन्या गोऱ्या मित्राला, एकेकाळच्या फॅसिस्ट मोर्चेकऱ्याला, लॉन्ड्रीत नोकरीवर ठेवतो आणि त्याच्यावर प्रेमही करतो. मर्दानगीच्या ठरीव साच्याला कुरेशी येथे तडा देतात, पण मालक-नोकर हे नाते शाबूत ठेवून. चित्रपटातील तान्या ही मुलगी बॅग उचलून निघून जाते. तिच्यासाठी या व्यवहारात जागाच नसते. गौतम मलकानींची ‘लंडनस्तानी’ (2006) अधिक निर्दय आहे. ती हाउन्स्लोच्या पोरांची कथा. ‘पाकी’ म्हटल्याच्या आरोपावरून एका गोऱ्या मुलाला केलेल्या मारहाणीने ती सुरू होते. ही पोरे अभ्यासू आशियाई मुलांना ‘नारळ’ म्हणतात, म्हणजे बाहेरून तपकिरी, आतून पांढरे. आणि मुसलमान मुलीच्या प्रेमात पडलेल्या निवेदकाला धमकावतात. वंशद्वेषाने जखमी झालेले पौरुष येथे स्वतःच सीमा आखू लागले आहे. निवेदक जस प्रत्येक वाक्य बोलण्याआधी भितो, कारण बोलणे पुरेसे ‘देसी’ आणि पुरेसे मर्दानी झाले की नाही, ही त्याची सततची धास्ती असते. अखेरीस कळते की हा जस म्हणजे जेसन, जन्माने गोराच. समीक्षकांपैकी काहींना ही केवळ क्लृप्ती वाटली. पण त्याची भीती वाचताना कोणाही वाचकाला तो गोरा असल्याचा संशय आलेला नसतो.