हरणाच्या शिकारीला जाताना: कागदपत्रे, सामान आणि तयारी



क्युपर्टिनोत राहणाऱ्यांना हरणे काही नवीन नाहीत. रँचो सॅन अँटोनियोत सकाळी फिरायला गेले की ती हमखास दिसतात. तिथे अर्थातच शिकारीला बंदी आहे. पण ऑफिसातले सहकारी ऑगस्ट जवळ आला की गाईडबरोबर शिकारीला जायचे बेत आखतात आणि कधीकधी आपल्यालाही बोलावतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यापासून हा विषय घरात निघतच नाही, त्यामुळे विचारायचे कोणाला हा प्रश्न पडतो. ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी ही माहिती. सामानाची यादी पुढे आहेच, पण आधी कागदपत्रे.

१. व्हिसावर असलेल्यांनी हे आधी वाचा

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ किंवा बी-२ व्हिसावर असलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणे हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. यातली मुख्य सवलत म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचे चालू शिकार लायसन्स. ग्रीनकार्डधारकांना आणि नागरिकांना ही अट नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कॅलिफोर्नियाचे शिकार लायसन्स १ जुलै ते ३० जून या वर्षापुरते असते. म्हणजे गेल्या हंगामाचे लायसन्स यंदाच्या ऑगस्टमध्ये चालत नाही. तारीख उलटलेले लायसन्स खिशात असले तरी सवलत संपलेली असते. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशाबाहेर काढले जाऊ शकते. भारतातून आलेल्या सासऱ्यांच्या हातात फोटोपुरतीसुद्धा रायफल देऊ नका.

२. लायसन्स आणि टॅग

- पहिल्यांदा लायसन्स घेणाऱ्याला 'हंटर एज्युकेशन'चा कोर्स पूर्ण करावा लागतो. तो उन्हाळ्याआधीच उरका.
- राज्यात सलग सहा महिने राहिलेल्यांना रहिवासी दर लागू होतो. बाहेरच्यांसाठी फी बरीच जास्त असते.
- लायसन्सखेरीज हरणाचा टॅग वेगळा लागतो. १२ वर्षांखालील मुलांना तो मिळत नाही.
- राज्याचे ए, बी, सी, डी, एक्स असे झोन आहेत. आपली सँटा क्लारा काउंटी ए झोनमध्ये येते. तिथला बंदुकीचा हंगाम ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी सुरू होतो. ईशान्येकडच्या एक्स झोनचे टॅग सोडतीने मिळतात आणि त्यासाठी अर्जाची मुदत २ जूनपर्यंत असते.
- शिकार झाली की टॅग लगेच भरून शिंगांना बांधायचा आणि अधिकृत व्यक्तीची सही घ्यायची. शिकार न मिळाली तरी टॅगचा अहवाल खात्याला कळवावा लागतो.

३. गाईडला विचारायचे प्रश्न

- राज्याचे गाईड लायसन्स आहे का?
- शिकार खाजगी रँचवर की सरकारी जमिनीवर?
- जेवण, मुक्काम, मांस साफ करणे आणि कापणे पैशात धरले आहे का?
- रायफल कोणाची? कॅलिफोर्नियात बंदूक उसनी देण्याघेण्याचे नियम कडक आहेत, तेव्हा हे आधीच लेखी ठरवा.
- हरीण मिळाले नाही तर? कोणताही चांगला गाईड हमी देत नाही.

गाईडला टिप देण्याची पद्धत आहे, ते पैसे वेगळे काढून ठेवा.

४. सामान

- कपडे: मळकट रंगाचे, आवाज न करणारे. पहाटे थंडी आणि दुपारी डायब्लो डोंगररांगेत भाजून काढणारे ऊन, म्हणून एकावर एक घालता येतील असे. भडक केशरी जॅकेट कायद्याने सक्तीचे नसले तरी जरूर घाला.
- बूट: घोट्याच्या वर येणारे आणि आधी महिनाभर वापरलेले. गवतात गोचिडी, रॅटलस्नेक आणि पॉयझन ओक तिन्ही असतात. लांब बाह्या, लांब पँट हवीच. रोज रात्री अंगावर गोचिडी तपासा, इथल्या गोचिडींमुळे लाईम रोग होतो.
- गोळ्या: १ जुलै २०१९ पासून राज्यात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे. शिसे खाऊन काँडोर गिधाडे मरत, हे त्यामागचे मोठे कारण. खोक्यावर शिसेविरहित लिहिलेले पाहूनच घ्या.
- इतर: दुर्बीण, हेडलॅम्प, चाकू, हातमोजे, कागदी नकाशा, प्रथमोपचार पेटी आणि भरपूर पाणी.
- खाणे: दशम्या, धपाटे, चिवडा दोन दिवस छान टिकतात.
- दोन मोठे कूलर आणि बर्फ. ऑगस्टच्या उन्हात मांस काही तासांत बिघडते. हरीण लगेच साफ करून ४० अंश फॅरनहाइटच्या खाली ठेवा. मांस वाया घालवणे गुन्हा आहे आणि ते विकताही येत नाही.

गाडीत रायफल रिकामी आणि कुलूपबंद पेटीत असावी.

५. परत आल्यावर

हे मांस बिनचरबीचे असते, मटणापेक्षा लवकर कोरडे पडते. मंद आचेवर शिजवा. मालवणी मसाल्यात सुके छान होते. २०२४ साली मडेरा आणि इन्यो काउंट्यांत हरणांचा 'क्रॉनिक वेस्टिंग' रोग राज्यात प्रथमच आढळला. आजारी दिसणारे हरीण, तसेच कोणत्याही हरणाचा मेंदू आणि मज्जारज्जू खाऊ नका. शिंगे हंगाम संपल्यानंतर १५ दिवस जपून ठेवावी लागतात. ती भेट म्हणून भारतात नेण्याचा विचारही करू नका.

नियम दरवर्षी थोडे बदलतात. निघण्यापूर्वी 'कॅलिफोर्निया डिपार्टमेंट ऑफ फिश अँड वाइल्डलाइफ'ची त्या वर्षीची पुस्तिका वाचा, आणि व्हिसाबद्दल जराही शंका असेल तर बंदुकीला हात लावण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

प्रवासाला शुभेच्छा!