चोवीस दिवसांचा हुकूम

२९ ऑक्टोबर १८९६, गुरुवार. चिंचपोकळीजवळच्या आर्थर रोड इस्पितळावर सुमारे हजार गिरणी कामगार चालून आले. एका कामगार बाईला तिच्या मर्जीविरुद्ध तिथे नेले होते, हे निमित्त. इस्पितळाची नासधूस झाली, नोकरांना मार बसला. दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबरला, म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनी प्लेगच्या रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचा आपला ६ ऑक्टोबरचा हुकूम सैल केला. घरी नीट वेगळे ठेवता येत असेल आणि औषधोपचार होत असेल, तर रोग्याला जबरदस्तीने उचलायचे नाही, असे ठरले. आर्थर रोड आज साने गुरुजी मार्ग आहे आणि ते इस्पितळ कस्तुरबा रुग्णालय.

या दोन तारखा शेजारी ठेवल्या की गोष्ट सरळ वाटते: दंगा झाला, साहेब घाबरला, हुकूम मागे घेतला. पण १८९७ साली स्नोने स्वतः लिहिलेला प्लेगचा अहवाल वाचताना त्याची भीती वेगळ्याच ठिकाणी दिसते. त्याला गिरणीवाल्यांच्या दगडांपेक्षा हलालखोर आणि बिगारी या सफाईच्या नोकरांच्या निघून जाण्याची धास्ती होती.

तेव्हाच्या मुंबईत बहुतेक चाळींत पाण्यावर चालणारे संडास नव्हते. मैला टोपल्यांतून उचलायचा, गाडीत ओतायचा, डेपोवर न्यायचा, आणि हे रोज करायचे. हे काम ज्यांच्या डोक्यावर होते ती माणसे स्वतः सगळ्यात दाटीच्या वस्तीत राहत. प्लेगच्या नावाने त्यांच्याही बायकामुलांना उचलून नेले जाणार होते. स्नोचा हिशेब असा, की ही माणसे उठून गेली तर चार-सहा दिवसांत शहर राहण्याजोगे उरणार नाही, आणि मग प्लेगचे इस्पितळ असले काय, नसले काय. त्यांना बांधून ठेवायला कायदा होताच: १८९० च्या म्युनिसिपल सर्व्हंट्स अ‍ॅक्टने सफाईच्या नोकरांनी सूचना न देता काम सोडणे शिक्षापात्र ठरवले होते. पण हजारोंनी एकदम रस्ता धरला तर शिक्षा कोण कोणाला करणार? कमिशनर हे ओळखून होता. हलालखोरांचे एकही पत्र किंवा अर्ज मला या कागदांत दिसत नाही. त्यांचे वजन फक्त साहेबाच्या काळजीतून उमटते. त्यामुळे अहवाल थोडा सावधपणे वाचला पाहिजे. माघार घेतलेल्या अधिकाऱ्याला आपली माघार दूरदृष्टीची वाटावी, हे स्वाभाविक आहे. तरीही मुद्दा खोटा वाटत नाही, कारण या कबुलीत त्याची शोभा नाही.

रोगाचे निदान इस्पितळावरच्या दंग्याआधी महिनाभर झाले होते. २३ सप्टेंबरला मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा ताप हा प्लेगच आहे असे सांगितले. ते महापालिकेचे सभासद होते, त्यामुळे बातमी थेट स्थायी समितीपुढे गेली. धान्याच्या वखारी, उंदीर आणि बंदर अशा त्या वस्तीत व्यापाऱ्यांना हे निदान ऐकायचे नव्हते. प्लेगचे नाव घेतले की परदेशी बंदरांत मुंबईच्या जहाजांवर क्वारंटीन येणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

इस्पितळाविषयी लोक काय बोलत होते, हे वर्तमानपत्रांतून आणि सरकारी नोंदींतून कळते. दंग्याच्याच महिन्यात, ऑक्टोबरमध्ये, एस्प्लनेडवरच्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी तरी डांबर फासले होते. (पुढे दामोदर चाफेकरांनी आपल्या निवेदनात हे काम आपलेच असे सांगितले.) गावात वदंता अशी, की राणीचा राग शांत करायला रोग्यांची काळजे काढून विलायतेला पाठवतात. अशा वदंतांना अडाणीपणा म्हणून सरकारी लेखक मोकळे होतात. पण चाळीतून पाहिले तर काय दिसत होते? माणूस आत जात होता आणि बहुधा प्रेत बाहेर येत होते, कारण अनेकांना शेवटच्या घटकेलाच नेले जाई. जातीचा शिवतोशिवतेचा प्रश्न होता, बाईच्या काखेत-जांघेत गाठ शोधणाऱ्या परक्या हाताचा प्रश्न होता. काळजाची गोष्ट खोटी होती; तिच्यामागचा हिशेब मात्र खोटा नव्हता.

हुकूम सैल झाला तरी लोक थांबले नाहीत. फेब्रुवारी १८९७ पर्यंत सुमारे ३,८०,००० माणसे शहर सोडून गेली असा अंदाज दिला जातो. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती, हे धरले तर जवळजवळ निम्मे शहर. कोकणातला गिरणीवाला बोटीने गेला, घाटावरचा आगगाडीने. मागे राहिलेल्यांची किंमत वाढली. गिरणीमालकांची माणसे रस्त्याच्या नाक्यांवर उभी राहून मजुरांसाठी एकमेकांवर चढाओढ करू लागली, आणि महिन्याचा पगार अडकवून ठेवणाऱ्या गिरण्यांत कामगार रोजच्या रोज पैसे मागू लागले, घेऊही लागले. साथ ओसरल्यावर मालकांनी रोजाचे पैसे बंद करायला सुरुवात केली, तेव्हा १८९७ मध्येच संप झाले. मृत्यूच्या आकड्यांनी भरलेल्या अहवालांत ही बाब मधूनच डोकावते. मला ती त्या आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते.

या कामगारांचे गाऱ्हाणे सरकारपुढे मांडणारा माणूस याच सुमारास गेला. ‘दीनबंधु’चे संपादक, रविवारच्या सुट्टीसाठी झगडलेले नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच वारले. त्याआधी पाच दिवस, ४ फेब्रुवारीला, कलकत्त्यात साथरोगांचा कायदा मंजूर झाला होता. २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने लागू केला तोच. या कायद्याच्या बळावर ५ मार्चला मुंबईच्या प्लेगचा कारभार ब्रिगेडियर जनरल गेटेकर यांच्या समितीकडे गेला. स्नो तिचा एक सभासद होता, पण निवडून आलेल्या महापालिकेच्या हातून सूत्रे निसटली. ऑक्टोबरमध्ये ज्या जबरदस्तीतून माघार घेतली होती, ती आता पलटणीच्या शिपायांसह परतली: घरझडती, रोग्याची उचलबांगडी, घरच्यांना वेगळ्या छावणीत.

पुढच्या साली समितीचे अध्यक्ष होते सर जेम्स कॅम्पबेल, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक. गावोगावच्या रूढी आणि देवदेवस्की आयुष्यभर टिपणाऱ्या माणसाच्या काळात ९ मार्च १८९८ चा दंगा व्हावा, हा योगायोग बोचतो. मदनपुऱ्यात रिपन रोडवरच्या जुलाहा विणकरांच्या वस्तीत बारा वर्षांच्या एका मुलीला प्लेगचा संशय म्हणून न्यायला पथक आले आणि घरच्यांनी नकार दिला. जमाव जमला, गोळीबार झाला, ग्रँट रोडकडे दोन गोरे सोजीर मारले गेले. एस. एम. एडवर्ड्‌स यांनी १९२३ च्या पोलिसांच्या इतिहासात हा दिवस दंगा म्हणून नोंदवला आहे. पोलीस अधिकाऱ्याच्या नजरेला तो तसाच दिसणार. पण त्यानंतर गोदीतले मजूर आणि गाडीवानही काम टाकून बसले. एका वस्तीतल्या तंट्यासाठी बंदर थांबत नाही. या संपानंतर सक्ती हळूहळू उतरत गेली आणि जातीजातींच्या पुढाऱ्यांमार्फत, त्यांच्या स्वतंत्र इस्पितळांमार्फत काम करण्याकडे सरकार वळले.

माणसांना उचलणे जमले नाही, तेव्हा रोख घरांकडे वळला. १८९८ च्याच चौथ्या कायद्याने इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यात महापालिकेने निवडलेले विश्वस्त अल्पसंख्य होते आणि पाडापाडीचा अधिकार ट्रस्टचा होता. प्रिन्सेस स्ट्रीट, गिरगाव चौपाटीकडे जाणारा सँडहर्स्ट रोड, उत्तरेला दादर-माटुंग्याची आखीव वसाहत, ही त्याची कामे. नागपाड्यातल्या चाळी पाडल्या तेव्हा तिथल्या भाडेकरूंना दादरच्या प्लॉटचे भाडे परवडणारे नव्हते. त्यांतले बरेच जण जवळच्याच दुसऱ्या, आधीच भरलेल्या चाळींत शिरले. १९०१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ७,७६,००६ भरली, आणि त्या वर्षीही प्लेग शहरात होताच.