जिंकला तेव्हा कॅनडाचा, सापडला तेव्हा जमैकाचा

२४ सप्टेंबर १९८८ रोजी सेऊल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सन १०० मीटर ९.७९ सेकंदांत धावला. दुसरा आलेल्या अमेरिकेच्या कार्ल लुईसला ९.९२ सेकंद लागले. १९२८ नंतर प्रथमच या शर्यतीचे सुवर्णपदक कॅनडाकडे आले. पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांनी फोन करून अभिनंदन केले आणि ते टीव्हीवरून साऱ्या देशाने पाहिले. तीन दिवसांत चित्र पालटले. जॉन्सनच्या लघवीच्या नमुन्यात स्टॅनोझोलोल हे स्टेरॉइड सापडले, पदक गेले, आणि त्याची ओळखही बदलली.

हा मुलगा जमैकातल्या फालमथ गावचा. १९७६ साली, चौदाव्या वर्षी, तो कॅनडात आला. जिंकत होता तोवर वृत्तपत्रांना तो 'कॅनडाचा धावपटू' होता. चाचणीची बातमी आल्यावर तो 'जमैकात जन्मलेला', 'जमैकन स्थलांतरित' झाला. माध्यमांचा अभ्यास करणाऱ्यांनी हा बदल पुढे नोंदवून ठेवला, पण कॅनडातल्या काळ्या लोकांना अभ्यासाची गरज नव्हती. त्यांच्यात तेव्हाच एक कडवट विनोद फिरत होता: कॅनेडियन जिंकला, जमैकन-कॅनेडियन चाचणीत अडकला, जमैकनचे पदक काढून घेतले.

आम्हाला यात नवल वाटत नाही. ३१ जुलै २०२१ रोजी टोकियोत वंदना कटारिया यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. त्या दिवशी ती 'भारताची लेक' होती. चारच दिवसांनी उपांत्य सामना हरल्यावर तिच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके वाजले, नाच झाला आणि जातीवरून शिवीगाळ झाली. संघात दलित खेळाडू जास्त झाल्या म्हणून हरलो, असे सांगितले गेले. वंदना यांनी तर कसलाच नियम मोडला नव्हता.

आता कोणी म्हणेल, जॉन्सनने औषध घेतले होते, मग वर्णाचा प्रश्न आणता कशाला? घेतले होते, यात वाद नाही. १९८९ साली न्यायमूर्ती चार्ल्स डुबिन यांच्या चौकशी आयोगापुढे त्याने स्वतः कबुली दिली. १९९३ साली तो पुन्हा सापडला आणि त्याच्यावर आजीवन बंदी आली. आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या शर्यतीत आठ जण धावले. त्यांपैकी सहा जणांचे नाव कारकिर्दीत किंवा पुढे केव्हा ना केव्हा उत्तेजकांच्या प्रकरणात आले. मग जगाच्या डोक्यात एकच चेहरा का राहिला?

लुईसचेच घ्या. त्याच वर्षी अमेरिकेच्या निवड चाचणीत त्याच्या नमुन्यांत उत्तेजके सापडली होती. प्रमाण थोडे होते, ती स्टेरॉइड नव्हती, आणि वनौषधीच्या गोळ्यांतून नकळत गेली हा खुलासा अमेरिकी ऑलिंपिक समितीने मान्य केला. खुलासा खराही असेल. पण ही गोष्ट लोकांना कळली २००३ साली, समितीच्याच एका माजी अधिकाऱ्याने कागद बाहेर काढले तेव्हा. तोवर पंधरा वर्षे लुईस स्वच्छ खेळाचा पुतळा म्हणून मिरवला गेला. लुईसही काळाच, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून हा हिशेब नुसत्या कातडीचा नाही. एकामागे अमेरिकेची समिती उभी होती, त्याला सफाईदार बोलता येत होते. दुसरा स्थलांतरित, बोलताना अडखळणारा, आणि त्या अडखळण्यावरून त्याची अक्कल काढली गेली. बळ कुणाच्या पाठीशी आहे, यावर बातमीचा स्वर ठरतो.

डुबिन आयोगापुढे प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांनी सांगितले की जॉन्सनला स्टेरॉइड १९८१ पासून दिले जात होते. सात वर्षे! प्रशिक्षकाला ठाऊक, डॉक्टर जेमी ॲस्टाफन यांना ठाऊक. मोठ्या स्पर्धेच्या दिवशीच चाचणी होते आणि औषध त्याआधी बंद केले की सुटता येते, हेही या धंद्यातल्या सर्वांना ठाऊक. डुबिन यांच्या १९९० च्या अहवालाने क्रीडा संघटनांना, सरकारी निधी पदकांशी बांधण्याला आणि नावापुरत्या चाचण्यांना दोष दिला. अहवाल चांगला आहे. पण लोकांच्या आठवणीत अहवाल राहत नाही, विमानतळावर कॅमेऱ्यांच्या गराड्यात सापडलेला माणूस राहतो.

'उत्तेजक म्हणजे पाप' ही भावनासुद्धा जन्मजात नाही, ती घडवली गेली. १९०४ साली सेंट लुईस ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये थॉमस हिक्सला त्याच्या सोबत्यांनी वाटेत अंड्याचा बलक काढून पांढऱ्यातून स्ट्रिकनीन पाजले, वर ब्रँडी. स्ट्रिकनीन म्हणजे उंदीर मारायचे विष. हे चोरून झाले नाही. नियमच नव्हता, आणि औषधाचा धावपटूला कसा फायदा होतो हे त्या वेळच्या वृत्तान्तात कौतुकाने लिहिले गेले. हिक्सचे पदक आजही त्याच्याच नावावर आहे.

१९९८ चे उदाहरण जास्त बोलके आहे. अमेरिकी बेसबॉलमधला गोरा नायक मार्क मॅग्वायर होम रनचा विक्रम मोडायला निघाला होता. असोसिएटेड प्रेसचे बातमीदार स्टीव्ह विल्स्टीन यांना त्याच्या कपाटात अँड्रोस्टेनडायोनची बाटली दिसली. ऑलिंपिकमध्ये त्यावर बंदी होती, बेसबॉलमध्ये नव्हती. त्यांनी बातमी दिली आणि झोड उठली ती बातमीदारावरच! दुसऱ्याच्या कपाटात डोकावतो म्हणून त्याला बोल लावणाऱ्यांत पत्रकारही होते. मॅग्वायरने ७० होम रन मारले, देश आनंदला. तीनच वर्षांनी काळ्या बॅरी बाँड्सने ७३ मारले, आणि पुढे संशय हीच त्याची ओळख झाली. मॅग्वायरने स्टेरॉइडची कबुली दिली २०१० साली. बाँड्सला आम्ही निर्दोष म्हणत नाही. आम्ही फक्त संशयाचा वेग मोजतो आहोत.

हा वेग ठरतो बातमीच्या टेबलावर. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी भारतातल्या माध्यमांची पाहणी केली. नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस नव्हता. १९४३ साली पुण्यात रानडे यांच्या जयंतीच्या व्याख्यानात बाबासाहेबांनी म्हटले होते की इथली पत्रकारिता व्यवसाय राहिली नाही, तिचा व्यापार झाला, आणि साबण बनवण्याइतकेच तिला नैतिक कर्तव्य उरले आहे. त्याच्या तेवीस वर्षे आधी, १९२० साली, पैसे घेऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. ज्यांची जाहिरातही नको, त्यांची बाजू कोण छापणार?

आपल्या तरुणांसाठी हे दूरचे प्रकरण नाही. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी, तालमीत आणि जिममध्ये घाम गाळणारी आपलीच मुले आहेत. 'सप्लिमेंट'चा डबा त्यांच्या हातात कोणी ना कोणी देतोच. स्पर्धात्मक खेळाचा नियम असा की शरीरात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूची, डबा कोणीही दिलेला असो. २०११ साली भारताच्या ४ x ४०० मीटर रिलेच्या मुली चाचणीत सापडल्या. त्यांतल्या काही जणींनी आदल्याच वर्षी राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकून दिले होते, आणि पहिल्या पानावर त्यांचे फोटो झळकले होते. प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगमधून हे झाले, असे त्यांचे म्हणणे होते. परदेशी प्रशिक्षकाला काढले गेले, चौकशीला समिती नेमली गेली. मुलींना आधी एक वर्षाची बंदी झाली. २०१२ साली आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली.