रिकामे हात आणि कामाचे कोपरे

वर्गात मुले दंगा का करतात? या प्रश्नाला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर होते, छडी. पण मुलाचे हात रिकामे राहिले की दंगा सुरू होतो, हे ओळखणारी माणसेही आपल्याकडे होऊन गेली. आज त्यांच्याविषयी थोडे बोलू.

पूर्वीची पंतोजींची शाळा आठवा. तिथे आजच्यासारख्या इयत्ता नव्हत्या. एकाच ओसरीवर कुणी धुळपाटीवर अक्षरे गिरवी, कुणी मोडीचा कित्ता काढी, कुणी पाढे घोकी. शिक्षा कडक असत, हे खरेच. पण ज्याचे काम त्याच्यापुढे असे. मद्रासच्या अनाथाश्रमात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने देशी शाळेतली मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली. ती युक्ती त्याने उचलली, मोठ्या मुलांकडून धाकट्यांना शिकवण्याची पद्धत बसवली आणि १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तिका काढली. पुढे सरकारी शाळा आल्या. सगळ्यांना एकच धडा, एकाच वेळी. ज्याचे लवकर झाले तो रिकामा, ज्याला जमले नाही तोही रिकामा!

१९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडले. मुलांच्या हाताला येतील अशा फळ्यांवर साधने मांडली. मुलाने हवे ते साधन घ्यावे, काम पुरे करावे आणि साधन जागेवर ठेवून मगच दुसरे घ्यावे, अशी रीत घातली. शिस्त त्या रीतीतच होती. वेगळा धाक लागला नाही.

हा विचार गिजुभाई बधेकांनी भावनगरच्या बालमंदिरात रुजवला. तिथे त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी तो महाराष्ट्रात आणला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सोबतीला होत्या आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावी जन्मलेल्या अनुताई वाघ. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेले. माँटेसरीची महागडी साधने तिथे परवडणार कशी? मग शंखशिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात गेली. मुली धाकट्या भावंडांमुळे अडकत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आली. 'मुले वाईट आहेत' असे या दोघींनी कधी मानले नाही. मुलाला अडवते काय, ते त्यांनी शोधले.

ही जुनी गोष्ट आज का सांगायची? शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि शाळेतल्या शारीरिक शिक्षेला बंदी आली. फार चांगले झाले. पण त्याच कायद्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. आमच्या राजुरीच्या परिसरात मळ्यामळ्यांतून वस्त्या विखुरलेल्या. अशा वस्तीवरच्या शाळेत चार इयत्ता आणि दोन गुरुजी असले, तर एका इयत्तेला शिकवताना दुसरीने करायचे काय? छडी गेली, पण मुलांची ताटकळ तशीच राहिली.

इथे कोपरे उपयोगी पडतात. एका कोपऱ्यात गोष्टीची पुस्तके, दुसऱ्यात मोजायला चिंचोके आणि काड्या, तिसऱ्यात लेखनाच्या चिठ्ठ्या, चौथ्यात स्वतः गुरुजी. ठरावीक वेळाने गट पुढे सरकतो. काम लहान असल्याने ते पुरे होते आणि पुरे झाल्याचा आनंद मुलाला पुढच्या कामाकडे नेतो. मात्र नुसती साधने मांडून भागत नाही. 'हे संपव, जागेवर ठेव, मग ते घे' ही रीत पहिले काही आठवडे धीराने शिकवावी लागते. ती नसेल तर चार कोपऱ्यांत चार गोंधळ!

चिंचोके गोळा करायला पैसा लागत नाही. पालकांनी पोतेभर आणून दिले, तरी गुरुजींचे निम्मे ओझे हलके होईल. पुढच्या वेळी शाळेत गेलात, तर 'माझा पोरगा दंगा करतो का?' एवढेच विचारून परतू नका. 'त्याच्या हाताला काम असते का?' हेही विचारा.