पुराचा दुसरा पंचनामा

आमच्या बडोद्याच्या घरी वडिलांच्या वेळचा चावीचा ग्रामोफोन होता. त्यावर उस्ताद फैयाज खाँसाहेबांच्या तबकड्या वाजत. दरबारचा हा गवई रात्र रात्र रंगणारा राग तीन मिनिटांत कसा बसवीत असेल, याचे आम्हांला लहानपणी फार नवल वाटे. पुढे महाविद्यालयात असताना ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वरचा विलिस कोनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम आम्ही रात्री खरखरीतून ऐकू लागलो. तशाच तीन मिनिटांच्या तबकडीत दुसरेही एक जग साठवलेले आहे, हे तेव्हा कळले. वडील एकदा दारात थांबून म्हणाले, ‘‘अरे, हा गंधार नक्की लागला आहे कुठे?’’ त्यांचा कान पक्का होता. ब्लूजमधला गंधार शुद्ध आणि कोमल यांच्या मधे कोठेतरी डोलत असतो. त्या जागेला नाव नाही, आणि या गाण्याचा जीव तेथेच आहे.

ब्लूजचा सांगाडा साधा आहे. चार मात्रांची बारा आवर्तने आणि तीन ओळी. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. प्रत्येक ओळीनंतर गायक थांबतो आणि गिटार किंवा पियानो त्याला ‘हूं’ म्हणतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामगिरी कायद्याने संपल्यावरही गोऱ्या जमीनदारांचा कापूस अर्धेलीने पिकवणाऱ्या कृष्णवर्णीयांचे हे गाणे. १९२० साली न्यूयॉर्कमध्ये मेमी स्मिथ या गायिकेची तबकडी निघाली आणि तडाखेबंद खपली. कृष्णवर्णीय लोकही पैसे मोजून तबकड्या घेतात, हे तेव्हा कंपन्यांच्या ध्यानी आले. हेतू निव्वळ धंद्याचा होता. पण ज्यांच्या हाती लेखणी नव्हती, त्यांचा आवाज त्यामुळे टिकला. या आवाजाचे मोल आम्हांला कळले ते एका पुरामुळे.

१९२७ च्या वसंतात मिसिसिपी नदीला महापूर आला. २१ एप्रिल रोजी ग्रीनव्हिल गावाच्या वरच्या अंगाला, माउंड्स लँडिंग येथे, मातीचा बांध फुटला. त्या सबंध पुरात सुमारे सत्तर हजार चौरस किलोमीटर मुलूख पाण्याखाली गेला आणि सहा लाखांहून अधिक लोक बेघर झाले. मदतकार्याची सूत्रे व्यापारमंत्री हर्बर्ट हूवर यांच्याकडे होती. त्या कामाने त्यांचा एवढा नावलौकिक झाला, की पुढल्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. १९२८ मध्येच पूरनियंत्रणाचा मोठा कायदाही झाला. दप्तराच्या दृष्टीने प्रकरण उत्तम रीतीने निकाली निघाले.

दप्तराची दुसरी बाजू अशी. ग्रीनव्हिलच्या बांधावर सुमारे तेरा हजार कृष्णवर्णीय माणसे अडकून पडली होती. गोऱ्या कुटुंबांना बोटींतून हलवण्यात आले. यांना मात्र हलू दिले नाही, कारण एकदा गेलेले मजूर परत येणार नाहीत अशी जमीनदारांना धास्ती होती. बंदुकधारी पहारा बसला. जो मदतीच्या मालाची हमाली करील आणि अंगावर बिल्ला लावील, त्यालाच शिधा मिळे. हूवर यांनी रॉबर्ट मोटन यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णवर्णीयांची एक सल्लागार समिती नेमली. तिच्या कानी हे सारे गेले, परंतु लोकांपुढे आले ते बरेच सौम्य होऊन.

या सौम्य भाषेची भरपाई एका तबकडीने केली. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातला गायक चार्ली पॅटन याने १९२९ च्या अखेरीस विस्कॉन्सिनमधील ग्राफ्टन येथे ‘हाय वॉटर एव्हरीव्हेअर’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. तीन मिनिटे पुरली नाहीत, म्हणून ते तबकडीच्या दोन्ही बाजूंवर आहे. त्यात तो गावांची नावे घेत जातो. ग्रीनव्हिल, लीलँड, रोझडेल, व्हिक्सबर्ग अशी एकेक जागा येते आणि पाणी तिच्या मागे येते. उंचावरच्या मुलखात जावे म्हटले तर आपल्याला तिकडे मज्जाव आहे, असेही तो सांगून जातो. गिटारच्या लाकडावर थाप पडते आणि आवाज घोगरा, जवळजवळ ओरडल्यासारखा लागतो. मूळ धातूचे साचे नष्ट झाल्यामुळे आज आपण ऐकतो ते झिजलेल्या तबकड्यांवरून घेतलेले आहे. त्यामुळे शब्द खरखरीत बुडतात आणि पुन्हा वर येतात. प्रथम ऐकताना आम्हांला याचा त्रास झाला. आता तो त्या पाण्याचाच आवाज वाटतो.

येथे आमच्या जुन्या सवयीने एक सावधगिरीचा शेरा मारणे भाग आहे. बेसी स्मिथ या थोर गायिकेचे ‘बॅकवॉटर ब्लूज’ हे गाणे याच महापुराचे, असे आम्ही अनेक वर्षे मानत होतो आणि तसे मित्रांना ऐकवतही होतो. मग एकदा तारीख पाहिली. ध्वनिमुद्रण १७ फेब्रुवारी १९२७ चे, म्हणजे माउंड्स लँडिंगचा बांध फुटण्याच्या दोन महिने आधीचे! अभ्यासकांनी त्या गाण्याचा धागा १९२६ च्या नाताळात नॅशव्हिल येथे आलेल्या पुराशी जोडला आहे. बांध फुटला तेव्हा तबकडी बाजारात होती, आणि मिसिसिपीकाठच्या लोकांनी ती आपलीच म्हणून ऐकली. तिच्यात साथीला जेम्स पी. जॉन्सन हे जॅझमधले नामांकित पियानोवादक आहेत. त्यांचा डावा हात खालच्या सुरांत असा घुमत राहतो, की खोलीत पाणी चढते आहे असे वाटावे. तात्पर्य, गाणे हा साक्षीपुरावा नव्हे. तारीख, स्थळ, आकडा यांसाठी दप्तरच पाहावे लागते. मात्र पाणी घरात शिरल्यावर माणसाचे काय होते, याचा रकाना दप्तरात नसतो.

हे आम्ही जबाबदारीने लिहीत आहो, कारण ते रकाने आम्ही स्वतः भरले आहेत. नोकरीत असताना एका पुरानंतर नदीकाठच्या गावी पंचनाम्यासाठी गेलो होतो. घरे, गुरे, धान्य यांच्या नोंदी आणि कॅशडोलच्या याद्या चालल्या होत्या. एक म्हातारी पुढे आली. तिचे झोपडे नदीच्या पात्रालगतच्या सरकारी जमिनीवर होते. दप्तरी ते नव्हतेच, म्हणून ते वाहून गेल्याचेही दप्तरी आले नाही. तिने वाद घातला नाही. चूल कोठे होती, दार कोणत्या बाजूला होते, शेळी कोठे बांधत असे, हे ती हाताने दाखवीत राहिली, आणि एकदा सांगून झाले की पुन्हा पहिल्यापासून सांगे. आम्ही घड्याळ पाहिले आणि पुढल्या घराकडे वळलो. नियमाप्रमाणे आमचे काही चुकले नव्हते. वर्षांनंतर एका रात्री पॅटन ऐकताना, तीच ओळ दुसऱ्यांदा येताच, ती म्हातारी डोळ्यांपुढे उभी राहिली. पहिल्या वेळी कोणी ऐकले नाही, म्हणून ती पुन्हा सांगत होती.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. तेही असेच दुसरे दप्तर होय. आपल्या जुन्या घराण्यांत सनदा, मोडी रुमाल, वंशावळी जपून ठेवलेल्या असतात आणि ते योग्यच आहे. पण त्याच वाड्यांत दळणाऱ्या, पाणी भरणाऱ्या माणसांचा कागद कोठेच नाही. त्यांचे एखादे गाणे, एखादी हकिकत घरातल्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल, तर ती आजच उतरवून घ्यावी, एवढीच वाचकांस विनंती.

त्या म्हातारीचे नाव आम्ही त्या दिवशी विचारले नाही. म्हणून ते येथेही लिहिता येत नाही.